रफचे तीन प्रकारचे नर आणि माद्यांनी वागवलेला वारसा

प्राण्यांमधील जोडीदाराच्या निवडीविषयी आपण जे वाचतो, ते बहुतेक वेळा नराविषयी असते. मोर पिसारा उभारतो, काळवीट शिंगे भिडवतो, रातकिडा गातो. मादी पाहते, ऐकते आणि निवडते. निवडलेल्या नराचे गुण पुढच्या पिढीत उतरतात. १८७१ साली चार्ल्स डार्विनने लैंगिक निवडीची कल्पना सविस्तर मांडली तेव्हापासून हीच मांडणी पाठ्यपुस्तकांत चालत आली आहे आणि तिच्यात चुकीचे असे काही नाही. तरीही जनुकांच्या बाजूने पाहू लागल्यावर ती अपुरी वाटते. नराला आकर्षक बनवणारे जनुक केवळ त्याच्या मुलांकडे जात नाही, ते त्याच्या मुलींकडेही जाते. एखादे जनुक लिंगनिश्चिती करणाऱ्या गुणसूत्रावर नसेल, तर त्याच्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या साधारण निम्मा काळ माद्यांच्याच शरीरात काढतात. तिथे ते जनुक काय करते, हा प्रश्न विचारल्याशिवाय आकर्षणाच्या आनुवंशिकतेचा हिशेब पुरा होत नाही, असे माझे ठाम मत आहे. मी जीवशास्त्र शिकवते आणि हिवाळ्यात पाणथळीचे पक्षी पाहायला जाते. या दोन्ही गोष्टी ज्या एका पक्ष्यापाशी येऊन मिळतात, त्या रफ या पक्ष्याविषयी मला आज सविस्तर लिहायचे आहे.

रफ हा उथळ पाण्यात आणि चिखलात किडे वेचणारा पक्षी आहे. उत्तर युरोपपासून सैबेरियापर्यंतच्या दलदलींत आणि ओल्या कुरणांत त्याची वीण होते, आणि हिवाळा तो आफ्रिकेत व भारतीय उपखंडात काढतो. उजनी जलाशयाच्या भिगवणकडील काठावर थंडीत त्याचे थवे दिसतात. त्या दिवसांत तो करड्या-तपकिरी रंगाचा, खवलेदार पाठीचा, तसा साधाच दिसणारा पक्षी असतो. थव्यात लक्षात येतो तो आकारातील फरक. नराचे वजन साधारण १८० ग्रॅम आणि मादीचे साधारण ११० ग्रॅम, त्यामुळे अनेक नवख्या पक्षीनिरीक्षकांना ही दोन वेगळ्या जातींची सरमिसळ वाटते. इथे असताना नराच्या गळ्याभोवती ती प्रसिद्ध झालर नसते आणि डोक्यावर तुरेही नसतात. वीण जवळ आली की ही पिसे उगवतात आणि मग त्याच पक्ष्याला ओळखणे कठीण जाते.

विणीच्या हंगामात रफचे नर एका सामायिक मैदानावर जमतात. ही जागा अन्नाची नसते आणि घरट्याचीही नसते. माद्या तिथे येतात त्या केवळ नर पाहण्यासाठी आणि मीलनासाठी. त्यानंतर घरटे करणे, साधारणपणे चार अंडी घालणे, ती उबवणे आणि पिल्लांची राखण करणे हे सगळे मादी एकटी करते. नर त्यात कोणताही वाटा उचलत नाही. मादीला नराकडून मिळते ते फक्त शुक्राणू, म्हणजेच त्याची जनुके. म्हणून आकर्षणामागील आनुवंशिकता अभ्यासण्यासाठी अशा जाती फार मोलाच्या ठरतात. अन्न पुरवणारा नर, चांगले घरटे बांधणारा नर अशी दुसरी कारणे इथे आपोआप बाजूला पडतात.

या मैदानावर तीन प्रकारचे नर वावरतात. पहिला प्रकार जागामालकांचा. संशोधक त्यांना ‘इंडिपेंडंट’ म्हणतात. त्यांची झालर बहुधा काळी, तांबूस किंवा पट्ट्यापट्ट्यांची असते आणि प्रत्येकाची नक्षी इतकी निराळी असते की त्यावरून एकेक नर ओळखता येतो. मैदानावरचा एक छोटा तुकडा प्रत्येक जण आपला मानतो आणि शेजाऱ्यांशी भांडून तो राखतो. रफच्या नरांत यांचेच प्रमाण मोठे, म्हणजे ८० ते ९५ टक्के असते. दुसरा प्रकार ‘सॅटेलाइट’ नरांचा. मी त्यांना साथीदार नर म्हणेन. त्यांची झालर पांढरी किंवा फिकट असते, ते स्वतःची जागा राखत नाहीत, तर एखाद्या जागामालकाच्या तुकड्यावर जाऊन त्याच्या शेजारी उभे राहतात. हे ५ ते २० टक्के असतात. तिसरा प्रकार ‘फेडर’ या नावाने ओळखला जातो आणि त्याचे प्रमाण एक टक्का किंवा त्याहूनही कमी असते. या नराला झालर येत नाही, तुरे येत नाहीत. तो आयुष्यभर मादीसारखाच दिसतो. त्याचा आकार मात्र मादीपेक्षा थोडा मोठा आणि इतर नरांपेक्षा लहान असतो. एखादी मादी जागामालकासमोर मीलनासाठी खाली बसली की हा मादीरूपी नर मध्ये शिरून संधी साधतो.

साथीदार नराला जागामालक आपल्या तुकड्यावर का येऊ देतो, हे सुरुवातीला कोडेच वाटते. त्याचे उत्तर माद्यांच्या वागण्यात आहे. ज्या तुकड्यावर जागामालक आणि साथीदार असे दोघे असतात, तो तुकडा माद्यांना अधिक खेचतो. साथीदाराला येऊ दिले तर काही मीलने त्याच्याकडे जातात, हाकलले तर माद्याच शेजारच्या तुकड्याकडे वळतात. म्हणजे मादी पाहत असते ती दोन नरांमधील संबंधांसह सारी मांडणी. शिवाय ती एकाच नरावर थांबत नाही. निम्म्याहून अधिक माद्यांच्या अंड्यांना एकापेक्षा जास्त पिते असतात, असे पितृत्वाच्या चाचण्यांतून दिसून आले आहे. ‘सर्वोत्तम नराची निवड’ हे वर्णन रफच्या मैदानावर फार ढोबळ ठरते, ते यामुळेच.

हे तीन प्रकार वयाचे टप्पे आहेत, की परिस्थितीनुसार बदलणारे डावपेच आहेत, की जन्मतःच ठरलेले आहेत? कितीतरी प्राण्यांत लहान, दुबळा नर चोरून मीलन करतो आणि मोठा झाल्यावर जागा राखू लागतो. रफमध्ये तसे नाही. फिनलंडमधून आणलेल्या अंड्यांपासून कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात रफचा एक बंदिस्त थवा वाढवला गेला. डेव्हिड लँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थव्यातील वंशावळींवरून १९९५ साली दाखवून दिले की जागामालक होणे किंवा साथीदार होणे हे एकाच जनुकस्थानावरून, मेंडेलच्या नियमांप्रमाणे ठरते आणि ते स्थान लिंगगुणसूत्रावर नाही. मादीरूपी नरांची ओळख पटायला २००६ साल उजाडावे लागले. योप युकेमा आणि टेउनिस पिएर्स्मा या नेदरलँड्समधील पक्षीशास्त्रज्ञांनी मधल्याच आकाराच्या काही ‘माद्यां’चा पाठपुरावा केला आणि त्या माद्या नसून नर असल्याचे सिद्ध केले. त्यांचे वृषण इतर नरांच्या वृषणांच्या सुमारे अडीचपट मोठे होते. मीलनाच्या संधी थोड्या आणि त्याही क्षणभराच्या, तेव्हा शुक्राणूंची संख्या हेच या नराचे बळ असावे. अशा दोन नरांची भर कॅनडातील थव्यात पडली आणि पुढे त्यांच्या संततीवरून हा तिसरा प्रकारही त्याच जनुकस्थानाशी बांधलेला असल्याचे दिसले.

एकाच स्थानामुळे रंग, आकार, झालर, आक्रमकता आणि मीलनाची पद्धत असे सगळे एकदम कसे बदलू शकते? २०१६ साली दोन स्वतंत्र गटांनी रफचा संपूर्ण जनुकसंच वाचला आणि एकाच वेळी उत्तर दिले. रफच्या अकराव्या गुणसूत्रावर सुमारे ४५ लाख आधारजोड्यांचा (आधारजोडी म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी) एक तुकडा साथीदार आणि मादीरूपी नरांमध्ये उलटा बसलेला आहे. पोथी बांधताना मधली काही पाने उलट्या क्रमाने लागावीत, तसा. या तुकड्यात सव्वाशेच्या आसपास जनुके आहेत. एरवी शुक्राणू आणि अंडपेशी तयार होताना आईकडून आणि बापाकडून आलेली गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची देवाणघेवाण करतात. एक तुकडा सुलटा आणि दुसरा उलटा असेल, तर त्या भागात ही देवाणघेवाण जवळजवळ थांबते. परिणामी त्या सव्वाशे जनुकांची रूपे एकमेकांपासून सुटी होत नाहीत. ती जणू एकच जनुक असल्याप्रमाणे पिढी दर पिढी एकत्र जातात. अशा गुच्छाला सुपरजीन म्हणतात. मादीसारखे दिसणारे रूप आणि जागामालकासारखे भांडखोर वागणे असे विजोड मिश्रण रफमध्ये का आढळत नाही, याचे कारण या बंद गुच्छात आहे.

उलटण्याच्या या घटनेत आणखी एक गोष्ट घडली आणि मला ती सर्वांत विलक्षण वाटते. तुकडा जिथे तुटून उलटला, तिथे नेमके पेशीविभाजनासाठी अत्यावश्यक असलेले एक जनुक होते. सेंट्रोमियर म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरून ओढले जाते तो भाग; त्याच्याशी संबंधित प्रथिन तयार करणारे हे जनुक तुटल्यामुळे निकामी झाले. एका गुणसूत्रावर सुलटा तुकडा असेल तर तिथली चांगली प्रत काम भागवते. दोन्ही गुणसूत्रांवर उलटा तुकडा आला, तर भ्रूण जगू शकत नाही. म्हणून जगातला प्रत्येक साथीदार नर आणि प्रत्येक मादीरूपी नर एक उलटा आणि एक सुलटा तुकडा बाळगून असतो. उलटा तुकडा बाळगणाऱ्या नराची गाठ उलटाच तुकडा बाळगणाऱ्या मादीशी पडली, तर मेंडेलच्या गणिताप्रमाणे त्यांच्या चारांपैकी एक भ्रूण नष्ट होतो. असे घातक रूप टिकून राहिले, याचा अर्थ त्याची एकच प्रत बाळगणाऱ्यांना कुठेतरी भरघोस फायदा मिळत असला पाहिजे. शिवाय त्याचे दुर्मीळ असणेही त्याला तारून नेते, कारण वाहक जितके थोडे, तितकी दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता कमी.

गुच्छातील कोणती जनुके नेमके काय करतात, याचाही बराच उलगडा झाला आहे. पिसांतील रंगद्रव्याशी संबंधित एमसी-१-आर हे जनुक याच तुकड्यात आहे आणि साथीदार नरांच्या फिकट झालरीशी त्याच्या बदललेल्या रूपाचा संबंध जोडला गेला आहे. वागणुकीच्या बाजूने अधिक महत्त्वाचे ठरले ते एचएसडी-१७-बी-२ हे जनुक. त्यापासून तयार होणारे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे रूपांतर अँड्रोस्टेनडायोन या कमी प्रभावी संप्रेरकात करते. जागामालक नरांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असते. साथीदार आणि मादीरूपी नरांच्या रक्तात ते कमी आणि अँड्रोस्टेनडायोन जास्त असते, हे आधीच माहीत होते. २०२५ सालच्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने कारण पुढे आणले. उलटा तुकडा बाळगणाऱ्या नरांच्या रक्तात हे विकर अधिक प्रमाणात असते आणि त्याची रचनाच अशी बदललेली आहे की ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर अधिक वेगाने करते. याचा एक सुंदर परिणाम असा, की शुक्राणूंच्या निर्मितीला आवश्यक असलेले टेस्टोस्टेरॉन वृषणात राहू शकते आणि रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचून भांडखोरपणा वाढवणारे टेस्टोस्टेरॉन मात्र वाटेतच घटते. एका विकराच्या वेगात झालेल्या बदलाने प्रजननक्षमता आणि आक्रमकता यांची फारकत करून दाखवली. नराचा ‘नरपणा’ म्हणून आपण ज्याची एकच मोळी बांधतो, त्यातील काड्या सुट्या होऊ शकतात, याचा इतका स्पष्ट पुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

या तुकड्याच्या वयाचा प्रश्नही रंजक आहे. २०१६ सालच्या अभ्यासांत उलट्या आणि सुलट्या तुकड्यांमधील फरक मोजून असे अनुमान काढले गेले की तुकडा सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वी उलटला. मादीरूपी नरांचे रूप मूळचे आणि साथीदारांचे रूप नंतरचे. उलट्या व सुलट्या तुकड्यांमध्ये क्वचित घडलेल्या देवाणघेवाणीतून ते सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी तयार झाले, असे तेव्हा वाटत होते. २०२३ साली अधिक बारकाईने जुळवलेला जनुकसंच हाती आल्यावर ही दुसरी घटना केवळ ७० हजार वर्षांपूर्वीची असल्याचा अंदाज पुढे आला. देवाणघेवाण बंद असलेल्या तुकड्यात कालांतराने खराब उत्परिवर्तनांचा गाळ साचतो. रफच्या उलट्या तुकड्यात तो अपेक्षेपेक्षा फार कमी आहे. त्यामुळे संशोधकांनी अशी शक्यता मांडली की हा तुकडा रफमध्ये मुळात जन्मलाच नसावा, तर आज नामशेष झालेल्या एखाद्या जवळच्या वंशाशी झालेल्या संकरातून आला असावा. मला ही शक्यता पटते, कारण तिच्यामुळे मोठा आनुवंशिक फरक आणि तरीही थोडका गाळ या दोन्ही गोष्टींची संगती लागते.

आता माद्यांकडे वळू, कारण माझ्या दृष्टीने या साऱ्या संशोधनाचा गाभा तिथे आहे. उलटा तुकडा लिंगगुणसूत्रावर नाही, त्यामुळे तो जितक्या मुलांना मिळतो तितक्याच मुलींनाही मिळतो. साथीदार रूप बाळगणाऱ्या माद्या असतात, मादीरूपी नराचे रूप बाळगणाऱ्या माद्याही असतात. त्यांना झालर येत नाही, त्या मैदानावर जागा राखत नाहीत, आणि नुसत्या डोळ्यांनी पाहून त्यांना ओळखता येत नाही. म्हणून कितीतरी काळ त्या विषयाच्या कडेलाच राहिल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंदिस्त थव्यातील माद्यांच्या प्रजननाच्या नोंदी त्यांच्या जनुकीय प्रकाराप्रमाणे मांडून पाहिल्या गेल्या. फेडर रूप बाळगणाऱ्या माद्या आकाराने लहान होत्या, त्या अंडी कमी घालत होत्या, त्यांची अंडी लहान होती आणि त्यांची पिल्ले जगण्याचे प्रमाणही कमी होते. साथीदार रूप बाळगणाऱ्या माद्या मात्र प्रजननाच्या बाबतीत उलटा तुकडा नसलेल्या माद्यांच्या बऱ्याच जवळ होत्या. साथीदार रूपात सुलट्या तुकड्याशी झालेली जुनी देवाणघेवाण आहे, फेडर रूपात ती नाही. त्या देवाणघेवाणीने माद्यांवरचा भार काही प्रमाणात उतरवला असावा, असे या फरकावरून वाटते.

या निष्कर्षाचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. फेडर रूपाच्या निम्म्या प्रती माद्यांमध्ये आहेत आणि तिथे त्या तोट्यात आहेत. तरीही हे रूप नाहीसे झालेले नाही, तेव्हा उरलेल्या निम्म्या प्रतींनी, म्हणजे मादीरूपी नरांनी, सरासरी नरापेक्षा अधिक पिल्लांचे पितृत्व मिळवले पाहिजे. संशोधकांनी हाच तर्क मांडला आहे. मैदानावर क्वचित दिसणारा, झालर नसलेला हा नर एखाद्या दुबळ्या, पराभूत नरासारखा भासतो. हिशेब सांगतो की तो सरासरी नरापेक्षा यशस्वी असला पाहिजे आणि त्याच्या यशाचे मोल त्याच्या बहिणी व मुली आपल्या लहान अंड्यांच्या रूपाने चुकवत असल्या पाहिजेत. आकर्षणाची किंमत मोजताना आपण मोराच्या जड पिसाऱ्याकडे पाहतो, वाघाच्या तोंडी सापडणाऱ्या नराकडे पाहतो. ही दुसरी किंमत घरट्यात मोजली जाते आणि ती मोजण्यासाठी मादीचे जनुक वाचावे लागते.

किंमत प्रत्येक वेळी मादीनेच चुकवावी असा नियम अर्थातच नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेस सेंट किल्डा बेटांवर सोए जातीच्या रानटी झालेल्या मेंढ्या राहतात आणि १९८५ पासून त्यांचा अखंड अभ्यास चालू आहे. त्यांच्या नरांच्या शिंगांचा आकार मोठ्या प्रमाणात आरएक्सएफपी-२ या एका जनुकावर ठरतो. मोठी शिंगे देणारे रूप दोन्ही प्रतींत असलेल्या नरांना अधिक संतती होते, कारण माजाच्या काळात ते झुंजी जिंकतात. लहान शिंगांचे रूप दोन्ही प्रतींत असलेल्या नरांना संतती कमी होते, पण ते कडक हिवाळ्यातून वाचण्याची शक्यता अधिक असते. दोन्ही रूपांची एकेक प्रत बाळगणारा नर संततीच्या बाबतीत पहिल्याच्या आणि जगण्याच्या बाबतीत दुसऱ्याच्या जवळ जातो, आणि एकंदरीत तोच सर्वांत पुढे राहतो. दोन्ही रूपे कळपात टिकून का आहेत, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने समजले. इथे देवघेव नराच्या स्वतःच्याच आयुष्यात होते; यश आणि आयुर्मान यांच्यामध्ये.

एक सावधगिरीची सूचना इथे द्यायलाच हवी. रफ आणि सोए मेंढी ही दोन्ही उदाहरणे एकाच जनुकस्थानावर उभी आहेत, म्हणून ती समजायला सोपी आहेत. आकर्षणाशी संबंधित बहुतेक गुण असे नसतात. पिसाऱ्याची लांबी, गाण्याची लय, रंगाची तीव्रता यांवर शेकडो जनुकांचा थोडा थोडा प्रभाव असतो आणि त्यात आहार, आजार व हवामान यांची भर पडते. याच वस्तुस्थितीतून एका जुन्या कोड्याचे उत्तर मिळते. सगळ्या माद्या एकाच प्रकारचे नर निवडत राहिल्या, तर काही पिढ्यांत नरांमधला आनुवंशिक फरकच संपायला हवा, आणि फरक संपला तर निवडण्यात काय अर्थ उरतो? १९९६ साली लॉक रो आणि डेव्हिड हूल यांनी सुचवले की भपकेदार गुण हे शरीराच्या एकूण सुस्थितीवर अवलंबून असतात आणि सुस्थितीवर जनुकसंचातील फार मोठ्या भागाचा परिणाम होतो. इतक्या विस्तीर्ण भागात नवी उत्परिवर्तने सतत होत राहतात, त्यामुळे फरक आटत नाही. मोराच्या बाबतीत पुरावे दोन्ही बाजूंचे आहेत. इंग्लंडमधील व्हिप्सनेड उद्यानात मॅरियन पेट्री यांनी १९९४ साली दाखवले की अधिक सजलेल्या पिसाऱ्याच्या मोरांची पिल्ले जास्त वाढली आणि जास्त जगली. जपानमधील इझू येथे सात वर्षे चाललेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लांडोर भरगच्च पिसाऱ्यालाच पसंती देते, असे मात्र आढळले नाही. मोराचे उदाहरण लैंगिक निवडीचा निर्विवाद पुरावा म्हणून सांगण्याची आपली सवय मला म्हणूनच फारशी रुचत नाही.

नराच्या गुणांची जनुके शोधण्यावर जितके कष्ट घेतले गेले, तितके पसंतीची जनुके शोधण्यावर बराच काळ घेतले गेले नाहीत. पसंती वागण्यात असते, मेंदूत असते, आणि ती मोजणे कठीण असते. या दिशेने अलीकडे झालेले एक मोठे काम अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील हेलिकोनियस फुलपाखरांवर झाले आहे. त्यांच्यात निवड करणारा नर असतो. काही जातींच्या पंखांवर लाल पट्टा असतो आणि त्या जातींचे नर लाल पट्ट्याच्या माद्यांमागे जातात. २०२४ साली संशोधकांनी दाखवले की ही लाल रंगाची ओढ रेग्युकॅल्सिन-१ नावाच्या जनुकाशी निगडित आहे; ते निकामी केले की नराचे प्रियाराधन विस्कटते. हे पसंतीचे रूप संकरातून एका जातीतून दुसऱ्या जातीत गेले आहे, हेही त्यांनी दाखवले. एखादी ‘आवड’ जातीची सीमा ओलांडून उसनी घेतली जाऊ शकते, ही कल्पना माझ्या विद्यार्थ्यांना प्रथम ऐकताना खरी वाटत नाही, आणि त्यांचे आश्चर्य मला अगदी योग्य वाटते.

निवडणाऱ्याची पसंती सैल असेल तर काय घडते, याचे उत्तर हवाई बेटांवर मिळते. तिथल्या पॉलिनेशियन रातकिड्यांना एक माशी छळते. तिचे मूळ उत्तर अमेरिकेत आहे. गाणाऱ्या नराच्या आवाजावरून ती त्याला गाठते, त्याच्या अंगावर अळ्या टाकते आणि त्या अळ्या त्याला आतून खाऊन मारतात. जे गाणे मादीला बोलावते, तेच मृत्यूलाही बोलावते. २००३ साली मार्लीन झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काउआई बेटावर जवळजवळ संपूर्ण शांतता जाणवली. रातकिडे मात्र भरपूर होते. नव्वद टक्क्यांहून अधिक नरांच्या पंखांवरची, आवाज काढणारी रचनाच नाहीशी झाली होती, आणि हा बदल वीसेक पिढ्यांत घडला होता. त्याला कारणीभूत असलेले उत्परिवर्तन एक्स गुणसूत्रावर आहे. रातकिड्याच्या नरात एक्सची एकच प्रत असल्यामुळे ते आले की नर लगेच मुका होतो. मुके नर उरल्यासुरल्या गाणाऱ्या नरांच्या आसपास थांबतात आणि आवाजाकडे येणाऱ्या माद्यांना वाटेत गाठतात; रफच्या साथीदार नराची आठवण व्हावी असेच हे वागणे आहे. पण माद्यांनी मुक्या नरांना साफ नाकारले असते, तर हे उत्परिवर्तन पसरलेच नसते. या बेटावरच्या माद्या गाण्याविनाही मीलनाला तुलनेने लवकर तयार होतात, असे प्रयोगांत आढळले आहे.

ओआहू बेटावरही असेच मुके नर आढळले. पंखांची ठेवण आणि जनुके तपासल्यावर तिथले उत्परिवर्तन काउआईवरच्यापेक्षा स्वतंत्रपणे उद्भवल्याचे दिसले. दोन बेटे, एकच माशी आणि गाणे गमावण्याच्या दोन वेगळ्या आनुवंशिक वाटा. त्यानंतर २०१८ साली रॉबिन टिंघिटेला आणि त्यांच्या गटाने मोलोकाई बेटावरच्या अशा नरांचे वर्णन प्रसिद्ध केले, जे पुन्हा आवाज काढतात. पण तो नेहमीच्या रातकिड्याच्या आवाजासारखा नसून मांजराच्या घुरघुरण्यासारखा, हळू आणि अनेक स्वरांत पसरलेला आहे. माद्यांना या आवाजावरून नराचा ठाव लागतो, हेही त्यांनी प्रयोगाने दाखवले.